त्या दिवशी आणखी कोण येणार आहे?

घरातील वयोवृद्ध माणसाला घेऊन प्रवासाला निघायचे ठरले की चौकशी सुरू होते. खोली तळमजल्यावर आहे ना, शौचालयात कमोड आहे ना, जेवण कमी तिखट मिळेल ना, गाडीत खालचा बर्थ मिळाला का, रक्तदाबाच्या गोळ्या किती दिवसांच्या घेतल्या. हे सारे प्रश्न योग्यच आहेत. एक प्रश्न मात्र बहुधा राहून जातो. आपण ज्या दिवशी तेथे असू, त्या दिवशी आणखी कोण येणार आहे?

हा प्रश्न केवळ गर्दीचा नव्हे. गर्दी विखुरलेली असते. ती येत असते, जात असते, आणि थोडा वेळ बाजूला बसून राहिले की तिच्यातून वाट सापडते. एकत्र आलेल्या मोठ्या गटाचे तसे नसते. दोन बसगाड्यांतून उतरलेली शंभर माणसे एकाच वेळी चहा मागतात, एकाच वेळी शौचालयाकडे वळतात आणि एकाच वेळी लिफ्टपाशी उभी राहतात. सकाळपर्यंत निवांत असलेले भक्तनिवास दहा मिनिटांत ओळखू येईनासे होते. यात दोष कोणाचाच नसतो. त्यांनीही आपल्यासारखेच पैसे भरलेले असतात, आणि देव तर सर्वांचाच.

धडधाकट माणसाला ही अर्ध्या तासाची गैरसोय असते. पंचाहत्तरीच्या माणसाच्या बाबतीत तोच अर्धा तास प्रकृतीचा प्रश्न होऊ शकतो. जेवणाआधीचे इन्सुलिन टोचून घेतले आणि ताट मात्र पन्नास जणांच्या मागे अडकले, तर रक्तातील साखर खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलण्यात गोंधळ येतो, आणि भोवतालच्या कोलाहलात ते कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्याला किंवा लघवी अधिक करविणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्याला शौचालयापुढची रांग सोसत नाही. मग तो पाणी पिणेच सोडतो. आपल्याकडील आज्या तर प्रवासाच्या आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडतात. त्यातून शरीर कोरडे पडते, उभे राहताना चक्कर येते, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, आणि घरी परतल्यावर ‘प्रवास बाधला’ असे म्हटले जाते. ज्यांची स्मृती क्षीण होत चालली आहे, त्यांना तर अनोळखी चेहऱ्यांचा लोंढाच भयभीत करतो. घरी शांत असणारे आजोबा अशा वेळी हात सोडवून भलतीकडेच चालू लागतात.

आपल्या भागातच पाहू. नांदेडचा सचखंड श्री हजूर साहिब हा शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. गुरू गोविंदसिंगांचे महानिर्वाण येथे १७०८ साली झाले. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ या वर्षांत उभी राहिली. २००८ साली गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, तेव्हा देशविदेशांतून आलेल्या भाविकांनी नांदेड कसे भरून गेले होते, हे तेथील जुन्या रहिवाशांना आठवत असेल. एरवी येथील वातावरण ज्येष्ठांना मानवणारे आहे. प्रशस्त परिसर, बसायला जागा, लंगरमध्ये सर्वांना भोजन आणि मनापासून सेवा करणारी माणसे. परंतु होळीच्या दुसऱ्या दिवशीचा होला महल्ला आणि दसरा या दिवसांत पंजाबातून जथे येतात, आणि हल्लाबोलाची मिरवणूक निघाली की तिच्या मार्गावरचा रस्ता ओलांडणे वृद्धांच्या आवाक्यातले राहत नाही, कारण ती मिरवणूक चालत नाही, धावते. ते दृश्य पाहण्यासारखे असते यात शंका नाही. पाहायचेच असेल तर आधीच एखाद्या ओळखीच्या घराची गच्ची वा गॅलरी गाठावी. दर्शन हाच हेतू असेल तर ते दिवस टाळावेत. गुरुपर्वांच्या तारखा आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात नेमक्या सापडतीलच असे नाही. त्या गुरुद्वाराच्या कार्यालयातच विचाराव्यात. शिवाय अमृतसरहून येणारी सचखंड एक्स्प्रेस स्थानकात आल्यानंतरच्या तासाभरात यात्री निवासाच्या खिडकीपाशी रांग लागणे स्वाभाविकच. ती वेळ टाळून पोहोचणे कठीण नसते.

लातूरकरांना नांदेडला जायचे कारण नेहमी तीर्थयात्रेचेच असते असे नाही. कधी डॉक्टरांची वेळ घेतलेली असते, कधी नातवंडाचे बारसे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास मात्र लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे, बैल यांचा बाजार, तमाशाचे फड आणि दूरदूरहून कुटुंबकबिल्यासह आलेली माणसे. ही यात्रा नांदेड-लातूर रस्त्यावरच असल्याने त्या दिवसांत मोटारीत तासन्‌तास अडकून पडण्याची तयारी ठेवावी लागते. डॉक्टरांची वेळ त्याच आठवड्यातली असेल तर ती आधीच बदलून घेतलेली बरी. गंमत अशी की लगेच येणाऱ्या अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, लातूर शहर रिकामे होते. बाजार बंद, रस्ते ओस, आणि सारा जिल्हा शेतात भज्जी-आंबिलीच्या पंगतीला बसलेला. त्या दिवशी शहरात मागे राहणाऱ्या वृद्धांची अडचण अगदी उलट असते. भोवती माणूसच नसतो. औषधे आदल्या दिवशीच आणून ठेवावीत आणि शेजारी कोण थांबणार आहे, हे विचारून ठेवावे.

माहूरची गोष्ट वेगळी, कारण तेथे चढ आहे. रेणुकामातेच्या दर्शनाला पायऱ्या चढाव्या लागतात, आणि पायऱ्यांवर मोठा गट मागून आला की वृद्ध माणूस स्वतःच्या गतीने चालू शकत नाही. तो ढकलला जातो किंवा घाई करतो. गुडघ्याला आणि हृदयाला दोन्ही घातक. नवरात्र, दत्तजयंती आणि श्रावणी पौर्णिमेच्या सुमाराची परिक्रमा हे तेथील मोठ्या लोटांचे दिवस. २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेला, सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीच्या अशाच चढावर चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे भाविकांचा मृत्यू झाला. भीती घालण्याचा हेतू नाही, पण उतारावर, अरुंद वाटेवर आणि ओल्या पायरीवर गटाची ताकद काय असते, हे ज्येष्ठांच्या बरोबर जाणाऱ्याने विसरू नये. तुळजापूरलाही नवरात्राखेरीज मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा विचारात घ्याव्यात. औंढा नागनाथ आणि परळीला श्रावणी सोमवार.

तिथींचे गणित कॅलेंडर पाहून जुळवता येते. खरी पंचाईत होते ती कॅलेंडरात नसलेल्या गटांची. लग्नाचे वऱ्हाड, कंपनीचे संमेलन, शाळेची सहल, परीक्षेला आलेली मुले आणि त्यांचे पालक. गेली काही वर्षे ‘नीट’ परीक्षा मेच्या पहिल्या रविवारी होत आली आहे. त्या शनिवारी लातुरात लॉजची खोली शोधणे म्हणजे दिव्यच. डिसेंबर-जानेवारीत कंधारच्या किल्ल्यावर किंवा खरोशाच्या लेण्यांत जावे, तर शाळांच्या सहली भेटतात. मुलांचा किलबिलाट गोड वाटतो, मात्र श्रवणयंत्र लावणाऱ्याला त्या गोंगाटात शेजारच्याचे शब्दही कळत नाहीत. लग्नसराईत मंगल कार्यालयाला लागून असलेला लॉज घेतला तर रात्रभर डीजे ऐकावा लागतो, आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी रक्तदाब आपले अस्तित्व दाखवतो.

अशा गटांचा सुगावा लागतो, फक्त प्रश्न नीट विचारावा लागतो. ‘त्या दिवशी गर्दी असेल का हो?’ असे फोनवर विचारले की उत्तर ठरलेले असते : ‘काही नाही, या तुम्ही निवांत.’ या उत्तराला काहीच अर्थ नसतो. त्याऐवजी असे विचारावे : त्या तारखेला कोणी एकत्र खोल्या घेतल्या आहेत का? किती खोल्या? त्यांचे जेवण याच भोजनगृहात आहे का, आणि किती वाजता? लिफ्ट किती आहेत? आकडा मागितला की समोरचा माणूस वही उघडतो. आणि खरे सांगायचे तर आकडा सांगताना तो सहसा खोटे बोलत नाही. ‘बरोबर ऐंशी वर्षांच्या आई आहेत’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे. अनेक ठिकाणी व्यवस्थापकच मग ‘परवा या’ असे सुचवतो.

दुसरी खूण रेल्वेच्या आरक्षणात सापडते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडते. आपल्या तारखेची प्रतीक्षायादी आदल्या व दुसऱ्या दिवसाच्या मानाने एकदम लांब दिसली, तर त्या दिवशी काहीतरी आहे हे नक्की. कारण कळले नाही तरी चालेल. एक दिवस पुढेमागे जावे. एसटीच्या बाबतीत आगारात दोन गोष्टी विचाराव्यात : त्या मार्गावर जादा गाड्या सोडल्या आहेत का, आणि प्रासंगिक करारावर किती गाड्या गेल्या आहेत. जादा गाड्या म्हणजे गर्दीची सरकारी कबुलीच. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले, आणि तेव्हापासून भजनी मंडळे व ज्येष्ठ नागरिक संघ यांचेच गट उत्साहाने बाहेर पडू लागले आहेत. म्हणजे कधी कधी इतरांना अडचण वाटणारा तो मोठा गट आपलाच असतो!

आता क्रूझचाही प्रश्न येतो. पुण्यात किंवा परदेशात नोकरी करणारी मुले लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आई-वडिलांना समुद्रसफरीचे तिकीट पाठवतात. मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ जहाज सप्टेंबर २०२१ पासून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागले, आणि नांदेड-लातूरच्या ज्येष्ठांनाही ही सफर आवाक्यात आली. जहाजावर सारे काही एकाच छताखाली असल्याने वृद्धांना ती सोयीची असते. मात्र लॉज पसंत पडला नाही तर दुसरा शोधता येतो, तसे जहाजावर नाही. जहाज-कंपन्या विवाहसोहळ्यांना आणि व्यापारी संमेलनांनाही खोल्या देतात. असा शेकडो माणसांचा गट असला, तर नाट्यगृह किंवा एखादे भोजनगृह काही तास त्यांच्यासाठी राखून ठेवलेले असते, संगीत उशिरापर्यंत चालते आणि लिफ्टपाशी थांबावे लागते. तिकीट काढण्यापूर्वी एजंटाला ईमेलने विचारावे : या फेरीवर मोठे सामूहिक आरक्षण आहे का, कोणत्या जागा त्यांच्यासाठी बंद असतील, आणि आमची खोली कार्यक्रमांच्या दालनाखाली तर येत नाही ना. उत्तर लेखी घ्यावे. शाळेच्या सुट्ट्या आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळल्या तर बराच प्रश्न मिटतो. जहाजावर दवाखाना असतो, तरी नेहमीची औषधे दोन दिवसांची जास्त आणि हाताशी ठेवावीत.

बंद जागेत मोठा समुदाय म्हटला की संसर्गही आला. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाजावरील ३,७११ जणांपैकी ७१२ जणांना कोविडची लागण झाली होती. एरवी जहाजांवर जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस पसरतो. त्यावर सॅनिटायझर फारसे उपयोगी पडत नाही, साबण आणि पाण्याने हात धुणेच कामी येते. ही सवय भक्तनिवासातही तितकीच उपयोगाची. फ्लूची लस घ्यावी का, हे आपल्या डॉक्टरांना प्रवासाच्या निदान दोन-तीन आठवडे आधी विचारावे.

एवढे सगळे वाचून ‘मग बाहेर पडूच नये’ असा निष्कर्ष मुले काढतात, आणि तो त्यांना सोयीचा असतो. मला तो मान्य नाही. एकट्या राहणाऱ्या कित्येक वृद्धांना गटच हवा असतो. वारीतील एखाद्या नीट चाललेल्या दिंडीत पाण्याचा टँकर, सामानाची गाडी आणि दुखले-खुपले पाहणारी माणसे असतात. घरच्या मोटारीत एवढे सुख मिळत नाही. हजूर साहिबच्या लंगरमध्ये शेकडो अनोळखी माणसांच्या पंगतीत जेवताना ज्यांच्या चेहऱ्यावर तेज येते, अशा आजी आपण पाहिल्या असतील. म्हणून टाळायचे की सामील व्हायचे, हे ज्यांचा प्रवास आहे त्यांनाच ठरवू द्यावे. मुलांनी माहिती काढून त्यांच्यापुढे ठेवावी.

आणि सारे करूनही समोर दोन बसगाड्या येऊन उभ्या राहिल्याच, तर त्या गटाशी स्पर्धा करू नये. आजोबांना भिंतीलगत, पंख्याखाली बसवावे. खिशात बिस्किटे आणि ग्लुकोजची पूड असावी. जेवणाला उशीर दिसत असेल तर इन्सुलिनची वेळ कशी बदलायची, हे डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारून लिहून ठेवलेले असावे. स्मृतिभ्रंश असणाऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात नाव आणि घरच्या दोघांचे भ्रमणध्वनी क्रमांक असलेले कार्ड ठेवावे, आणि त्या दिवशीचा फोटो सकाळीच काढून ठेवावा. हरवल्यावर ‘कपडे कोणते होते’ हे घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. गट चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत पुढे सरकतो. त्यानंतरचे भोजनगृह बहुधा मोकळे असते, आणि वाढपीही गरम पोळी आणून देतो.