कुपोषण व केशहानी

कुपोषण व केशहानी : आहारातील ऊर्जा, प्रथिने, लोह, जस्त इ. घटकांच्या न्यूनतेमुळे केस विरळ, निस्तेज व ठिसूळ होतात अथवा गळतात. ही न्यूनता दारिद्र्यातून उद्भवते, तशीच अन्न वर्ज्य करण्याच्या मानसिक विकारातूनही उद्भवते.

केस मुख्यत्वे केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. केशमुळातील कोशिका अतिशय जलद विभागतात, म्हणून त्यांना अखंड पोषण लागते. निरोगी व्यक्तीच्या डोक्यावरील सु. ८५ ते ९० टक्के केस वर्धनावस्थेत असतात आणि महिन्यास सु. १ सेंमी. वाढतात. उपासमारीत पुष्कळ केस एकदमच विश्रांतावस्थेत जातात व २ ते ३ महिन्यांनी गळू लागतात. त्यामुळे केस गळू लागतात त्या वेळी मूळ कारण बहुधा विस्मरणात गेलेले असते.

क्वाशिओरकर या बालरोगात केस तांबूस व विरळ होतात आणि ओढताच वेदनेविना निघतात. सिसिली विल्यम्स यांनी १९३५ साली हे नाव वैद्यकात रूढ केले. पोषण आलटून पालटून घटले व सुधारले, तर एकाच केसावर फिकट व गडद पट्टे उमटतात. ते मागील महिन्यांची जणू नोंदच होत.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या पश्चिमेस पालघर व बोईसर-तारापूर हा औद्योगिक पट्टा, तर पूर्वेस जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ आदिवासी प्रदेश आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे तेथील कुपोषणाकडे राज्याचे लक्ष वेधले गेले. भातकापणीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. परतलेल्या बालकाचे केस तांबूस व विरळ दिसल्यास केवळ तेल बदलून भागत नाही. त्याचे वजन, पायांवरील सूज व दंडाचा घेर तपासणे अगत्याचे असते. ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११·५ सेंमी.पेक्षा कमी असणे हे तीव्र कुपोषणाचे लक्षण होय. आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांसाठी २०१५ पासून अमृत आहार योजनेखाली चौरस आहार दिला जाऊ लागला.

घरात अन्न असूनही उपासमार घडू शकते. स्थूलतेच्या भयाने अन्न टाळण्याच्या विकारास विल्यम गल यांनी १८७३ च्या सुमारास मनोजन्य क्षुधानाश या अर्थाचे नाव दिले. यात डोक्यावरील केस गळतात, पण अंगावर मऊ लव वाढते. रुग्ण उपवास लपवितो. केसगळती मात्र लपत नाही, म्हणून पुष्कळदा तीच प्रथम कुटुंबाच्या ध्यानी येते.

उपचारात पोषण हाच पाया असून क्षुधानाशात त्यास मानसोपचाराची जोड लागते. दीर्घ उपासानंतर एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट घटून जीवास धोका संभवतो. म्हणून आहार वैद्यकीय देखरेखीखाली क्रमाने वाढवितात. अ जीवनसत्त्व व सिलेनियम यांच्या अतिरेकानेही केस गळतात, म्हणून गोळ्या परस्पर घेऊ नयेत. पोषण सुधारल्यावर केस सामान्यतः पुन्हा उगवतात. मात्र त्यास कित्येक महिने लागतात.