हृदय उलट निरोप धाडतं

भिलाईत कुणाचं बीपी वाढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "टेन्शन कसलं घेतलंस?" या प्रश्नात तथ्य आहे. धास्ती वाटली, राग आला की मेंदू अनुकंपी मज्जातंतूंकरवी हुकूम सोडतो, हृदय धडधडतं, रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो. पण गोष्ट इथेच संपत नाही. वॉर्डात परिचारिका म्हणून आयुष्य काढलं. रुग्ण बहुतेक इथल्या पोलादाच्या प्लँटमधले, त्यांत गोंदिया-नागपूरकडून इथे येऊन स्थायिक झालेली मराठी घरंही पुष्कळ. त्या सगळ्यांना मी एक गोष्ट सांगत आले. हृदय नुसते हुकूम पाळत नाही, मेंदूला आणि मूत्रपिंडांना ते स्वतःही सांगावा धाडतं.

त्यातला एक सांगावा मज्जातंतूंमधून जातो. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांच्या भिंतींत बारीक चेतातंतू असतात. कप्पा रक्ताने भरून ताणला की ते व्हेगस नसेतून मेंदूच्या तळाशी वर्दी देतात. हे तंतू नेमके केव्हा बोलतात, ते अवतारसिंग पेंटल या आपल्या भारतीय शास्त्रज्ञाने 1953 साली दाखवलं. शाळेच्या पुस्तकांत त्यांचं नाव असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा सांगावा रक्तातून जातो. कॅनडात 1981 साली अडोल्फो द बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. थोड्याच वेळात त्यांच्या लघवीतून मीठ आणि पाणी भराभर बाहेर पडू लागलं, रक्तदाबही उतरला. हृदय हार्मोन बनवतं, हे त्यातून उघड झालं. त्या हार्मोनला एएनपी म्हणतात. पुढे 1988 साली जपानी शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत त्याचं भावंड सापडलं, ते बीएनपी. माणसात ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येतं.

एएनपी मूत्रपिंडांना मीठ सोडायला लावतं, रक्तवाहिन्या सैल करतं, मीठ धरून ठेवणाऱ्या हार्मोन्सना आवर घालतं. मला त्याचं सर्वांत मोलाचं काम वाटतं ते मज्जातंतूंवरचं. एरवी दाब घसरला की मानेतल्या धमनीतले दाब जोखणारे तंतू मेंदूला जागं करतात आणि नाडी पळू लागते. एएनपीमुळे दाब उतरतो, तेव्हा मात्र नाडी तितकी पळत नाही, कारण ते अनुकंपी मज्जातंतूंचा जोर कमी करतं.

हृदय थकलेल्या माणसाचं एक रोजचं गाऱ्हाणं यातून कळतं. "सिस्टर, दिवसा काही नाही, रात्री मात्र सारखं उठावं लागतं." नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडतो, तो लवकर भरत नाही. दिवसभर पायांत साचलेलं पाणी आडवं झाल्यावर छातीकडे परततं, कप्पे ताणले जातात, एएनपी सुटतं आणि लघवी वाढते. प्रोस्टेट, साखर ही कारणंही असतातच; पण पाय सुजलेले असतील तर हृदय तपासून घ्यायलाच हवं.

अशा माणसाच्या रक्तात हे हार्मोन कमी नसतं, उलट उदंड असतं. पण मूत्रपिंडं त्याला पुरेशी दाद देत नाहीत आणि अनुकंपी मज्जातंतू वरचढ होतात. म्हणून रक्ताच्या तपासणीत बीएनपीचा मोठा आकडा पाहून घरचे हादरतात, तेव्हा मी सांगते, हा आकडा म्हणजे विष नव्हे. ताणलेलं हृदय मदत मागतंय, असं समजा.

ही मदत मिठापासून सुरू होते. भट्टीसमोर घाम गाळणाऱ्याला मीठ लागायचं, ते खरं. पण रिटायर झाल्यावरही उन्हाळ्यात वाडगाभर बोरे-बासी म्हणजे पाण्यात भिजवलेला भात, त्यावर मीठ, वर लोणच्याची फोड, हे तसंच चालू राहतं. घाम थांबला, मीठ थांबलं नाही. शरीरात मीठ साठलं की पाणीही साठतं, आणि जे हृदय मीठ बाहेर काढायला धडपडतंय त्याच्यावर आपणच बोजा टाकतो. बासी खा, कांदा खा. मीठ आणि लोणचं तेवढं आवरा.

औषधंही आहेत. नेप्रिलायसिन नावाचं एन्झाइम हृदयाची ही हार्मोन्स मोडून टाकतं. सॅक्युबिट्रिल त्याला थोपवतं. ते व्हॅलसार्टनसोबत एकाच गोळीत देतात. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या, आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत या गोळीने जुन्या एनालाप्रिलपेक्षा मृत्यू आणि हॉस्पिटलच्या वाऱ्या कमी केल्या. मात्र ती घेणाऱ्याचं बीएनपी औषधामुळेच चढलेलं दिसू शकतं. म्हणून अशांची एनटी-प्रोबीएनपी ही तपासणी करतात. एनटी-प्रोबीएनपी हा बीएनपी तयार होताना सुटणारा तुकडा, तो नेप्रिलायसिन मोडत नाही. रक्त द्यायला जाल तेव्हा गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या आणि डॉक्टरांना आठवणीने दाखवा.