गोड सुरू होऊन आंबत जाणारी कविता

मे महिन्यात गावी जाऊन काटे टोचून घेत करवंदं काढली असतील, तर ही कविता तुम्हाला परकी वाटणार नाही. शेमस हीनी यांची ‘ब्लॅकबेरी-पिकिंग’. नॉर्दर्न आयर्लंडमधल्या शेतकरी घरात वाढलेल्या या कवीला १९९५ साली साहित्याचं नोबेल मिळालं. ही कविता मात्र १९६६ सालच्या ‘डेथ ऑफ अ नॅचरलिस्ट’ या त्यांच्या सुरुवातीच्या संग्रहातली.

गोष्ट साधी आहे. ऑगस्ट संपत आलाय. पोरं दुधाच्या किटल्या, रिकामे डबे, जॅमच्या बरण्या घेऊन शेतांच्या कडेनं हिंडतात. ब्लॅकबेरीज तोडतात, गोठ्यात साठवतात. आणि मग? त्यांच्यावर करडी बुरशी चढते, रस आंबून जातो.

परीक्षेत आपण काय लिहितो? ‘पहिलं कडवं आनंदी, दुसरं दुःखी.’ मार्क मिळतात, विषय संपतो. पण पहिल्या सोळा ओळी पुन्हा वाचा बरं. तिथल्या प्रतिमा नुसत्या गोड आहेत का? पिकलेलं फळ गुठळीसारखं दिसतं. रसात उन्हाळ्याचं रक्त आहे. आणि चिकट झालेले तळवे कुणासारखे? ब्लूबिअर्डसारखे! हा युरोपीय लोककथेतला, आपल्याच बायकांचे खून करणारा माणूस. फळं तोडणाऱ्या पोरांच्या हातांना खुन्याची उपमा का बरं? कारण पहिलं फळ चाखलं तेव्हा फक्त चव होती. नंतर हाव सुटली. म्हणजे बुरशी यायच्या आधीच काहीतरी बिनसलंय.

आता सर्वनामं बघा. पहिलं फळ ‘तू’ खातोस, तोडायला आणि साठवायला ‘आम्ही’ असतो, आणि रडू मात्र ‘मला’ येतं. वाटा सगळ्यांचा, दुःख एकट्याचं. ‘हे बरोबर नाही,’ ही तक्रार अगदी लहान पोराची. पण शेवटच्या ओळीत तेच पोर मोठं झालेलं दिसतं: फळं टिकणार नाहीत हे त्याला ठाऊक आहे, तरी दर वर्षी ते आशा धरतं.

तेव्हा पुढच्या वेळी कवितेचा मूड कुठे बदलला, एवढंच शोधून थांबू नका. त्याची चाहूल आधी कुठे लागली होती, तेही बघा. आणि हो, कुठला डबा तुम्हीही दर वर्षी भरता, हे जमलं तर स्वतःलाच विचारा.