निर्मळला गळ टाकताना

वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं निर्मळ प्रसिद्ध आहे ते शंकराचार्यांच्या समाधी मंदिरामुळे आणि कार्तिक वद्य एकादशीच्या यात्रेमुळे. मराठ्यांनी 1739 साली वसई घेतल्यानंतर त्यांच्या अमदानीत या तीर्थाचा जीर्णोद्धार झाला. यात्रेकरू इथून सुकेळी बांधून नेतात. पण गोड्या पाण्यातल्या मासळीचा नाद असलेल्यांनीही मुक्काम टाकावा असं हे गाव आहे. तीर्थाच्या तलावात मात्र गळ टाकू नये. तिथे दर्शन घ्यावं आणि वाड्यांकडे वळावं.

खरी मौज बावखलांत आहे. बावखल म्हणजे वाडीतलं खोलगट तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि शेजारच्या विहिरींना झरे पुरवतं. केळी, पानवेली आणि फुलझाडं पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यावर वाढली. काठावर झाडी, पाण्यात शेवाळ, तळाशी गाळ. मरळीला याहून चांगलं घर नाही. पहाटे काठाला पाय न आपटता बसावं. शेवाळाच्या कडेला पाणी अलगद फुटतं, काळपट चपटं डोकं वर येतं, हवेचा घोट घेऊन खाली जातं. तिथेच, शेवाळाच्या मोकळ्या फटीत, गांडूळ लावलेला गळ सोडावा. पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका दिसला, तर मात्र गळ गुंडाळावा. खाली आईबाप राखण करत असतात. त्यांना उचललं की सगळी वीण गेली. बावखलं खाजगी असतात, तेव्हा वाडीच्या मालकाला आधी विचारायचं.

मोठ्या तलावांत कटला, रोहू, मृगळ सोडलेले असतात. तिघांचं पाणी एकच, पण थर वेगळे. कटल्याचं तोंड वर वळलेलं, म्हणून त्याला तरंगा लावून पृष्ठभागाजवळ आमिष द्यावं. रोहू मधल्या थरात चरतो. मृगळ गाळ धुंडाळतो, त्याच्यासाठी पेंड मिसळलेली कणकेची गोळी तळाशी टेकवावी. अशा तलावांवर बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेचा किंवा ठेकेदाराचा हक्क असतो. परवानगीशिवाय तंगूस सोडू नये.

वाहतं पाणी हवं असेल तर वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे तानसा नदी आहे. दगडांच्या कपारीत वाम, संथ डोहात शिंगटी. शिंगटीच्या काट्यापासून मात्र हात जपावा.

पहिल्या पावसात मासे अंडी घालायला ओहोळांतून, शेतांतून वर चढतात. ही वलगण. तेव्हा पोटात गाबोळी भरलेली मासळी हाताने धरता येते, आणि धरलीही जाते. तेवढ्या दिवसांत ती सोडावी, असं माझं स्पष्ट मत आहे. बावखलं भराव घालून बुजवली जात आहेत. उरलेल्या पाण्यात वीण वाचली तरच पुढच्या मोसमात गळाला काही लागेल.

आणखी एक विनंती. तिलापिया किंवा बंदी असलेला आफ्रिकन मांगूर गळाला लागला, तर दया म्हणून दुसऱ्या बावखलात सोडू नका. मांगूर तिथली देशी मासळी फस्त करतो आणि तिलापिया झपाट्याने वाढून तिची जागा घेतो.