उपकरण-चालक व पार्श्वसेवा, विंडोज एक्सपीमधील
संगणकाला जोडलेल्या विशिष्ट उपकरणाशी परिचालन प्रणालीच्या वतीने व्यवहार करणाऱ्या आज्ञावलीस उपकरण-चालक वा ड्रायव्हर म्हणतात. तर कोणतीही खिडकी न उघडता, वापरणाऱ्याने प्रवेश केलेला नसतानाही चालू राहणाऱ्या आज्ञावलीस पार्श्वसेवा किंवा सर्व्हिस ही संज्ञा आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २५ ऑक्टोबर २००१ रोजी विक्रीस आणलेल्या विंडोज एक्सपी या प्रणालीत या दोहोंची नोंद रजिस्ट्री या माहितीसाठ्यातील एकाच शाखेत होत असे. त्यांची कार्यपद्धती मात्र अगदी भिन्न होती.

घरगुती वापरासाठी असलेल्या विंडोज ९५, ९८ व मी या आवृत्त्या एमएस-डॉसच्या परंपरेतील होत्या. एक्सपीमुळे १९९३ साली अवतरलेल्या विंडोज एनटीचा गाभा घराघरांत पोहोचला. जुन्या पद्धतीचे चालक या गाभ्यावर चालत नसत. त्यामुळे निर्मात्याने नवा चालक लिहिला नाही, तर सुस्थितीतील मुद्रक वा स्कॅनरही निरुपयोगी ठरे.

प्रक्रियकाने पुरविलेल्या अधिकारस्तरांपैकी दोनच स्तर विंडोज वापरते. सामान्य आज्ञावली खालच्या स्तरावर चालते. तिने दुसऱ्याच्या स्मृतीला हात घातला, तर केवळ तीच बंद पडते. एक्सपीतील बहुतेक चालक मात्र गाभ्याच्याच स्तरावर चालत आणि गाभ्याची स्मृती त्यांना खुली असे. उपकरणाने पाठविलेल्या खंड-संकेताची दखल घेत असताना चालकाला थांबून राहता येत नाही. अशा वेळी त्याने तबकडीवर हलविलेल्या स्मृतिपृष्ठाची मागणी केल्यास ते आणण्याची सोय नसते. मग प्रणाली निळ्या पडद्यावर दोषसंकेत दाखवून स्वतःस थांबवी. हे थांबणे त्रासदायक असले, तरी बिघडलेली माहिती तबकडीवर लिहिली जाण्यापेक्षा ते बरे. दोषी चालक काढून पूर्वीचा बसविण्याची सोय एक्सपीत होती. ‘शेवटची चांगली मांडणी’ हा पर्यायही होता. परंतु यशस्वी प्रवेशानंतर चालू मांडणीच चांगली समजली जात असल्याने, प्रवेशानंतर उद्‌भवणाऱ्या दोषावर तो निरुपयोगी होता.

प्रत्येक नोंदीत आरंभाचा प्रकार ० ते ४ या अंकांनी दर्शविला जाई. ० अंकाचे चालक प्रारंभक आज्ञावलीच स्मृतीत आणी, १ चे गाभा सुरू करी; २ म्हणजे आपोआप, ३ म्हणजे मागणीनुसार व ४ म्हणजे बंद. सेवांचा आरंभ, थांबा व परस्परावलंबन सेवा-नियंत्रक सांभाळी. मुद्रणासाठी आलेली कामे रांगेत ठेवणारा स्पूलर ही नित्य परिचयाची सेवा होय. अनेक सेवा एकाच प्रक्रियेत एकत्र चालविल्याने स्मृती वाचे, पण एकीच्या दोषाने इतरही कोसळण्याचा धोका राही.

संगणक वेगवान व्हावा म्हणून सेवा बंद करण्याच्या याद्या त्या काळी लोकप्रिय होत्या. वस्तुतः स्वस्थ बसलेली सेवा थोडी स्मृती अडवते, प्रक्रियकाचा वेळ ती फारसा घेत नाही. खरा प्रश्न सुरक्षिततेचा होता. अनेक सेवांना प्रणालीचे सर्वाधिकार असत व काही जाळ्यावरून येणाऱ्या विनंत्या ऐकत. दूरस्थ कार्यपद्धती-आवाहन या सेवेतील दोषावरील दुरुस्ती जुलै २००३ मध्ये उपलब्ध झाली. ती न बसविलेल्या संगणकांत ऑगस्टमध्ये ब्लास्टर हा कृमी शिरला. वापरणाऱ्याने काहीही उघडण्याची त्यास गरज नव्हती; संगणक जाळ्याला जोडलेला असणे पुरेसे होते. ही सेवा कोसळल्यास संगणक पुन्हा सुरू करावा, अशीच मूळ योजना असल्याने पडद्यावर साठ सेकंदांची उलटी गणती दिसे. ती सेवा बंद करणे हा उपाय नव्हता, कारण इतर बहुतेक सेवा तिच्यावरच अवलंबून होत्या.

ऑगस्ट २००४ मधील दुसऱ्या सुधारणा-संचाने संरक्षक भिंत मुळातच चालू ठेवली आणि जाहिरातदारांनी वेठीस धरलेली मेसेंजर ही निरोप-सेवा बंद केली. एक्सपीत सेवा आणि प्रथम प्रवेश करणारी व्यक्ती एकाच सत्रात असत. विंडोज व्हिस्टाने सेवांचे सत्र वेगळे केले. एक्सपीचे सर्वसाधारण साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी संपले. तथापि जुन्या यंत्रांचे चालक नव्या प्रणालीसाठी लिहिले न गेल्याने काही प्रयोगशाळांत व कारखान्यांत ती त्यानंतरही वापरात राहिली.