शुद्ध द्रवाची संहती

एक लिटर द्रावणात द्राव्याचे जितके मोल असतील, त्या संख्येस द्राव्याची मोलर संहती म्हणतात. मग ज्यात काहीच विरघळलेले नाही अशा शुद्ध पाण्याची संहती किती? ती शून्य असावी, असे कोणी म्हणेल. प्रश्नच निरर्थक आहे, असेही कोणास वाटेल. वस्तुतः तिला निश्चित मूल्य आहे, आणि ते काढण्यास द्रवाची घनता व रेणुभार या दोनच राशी पुरतात.

डझन म्हणजे जसे १२ नग, तसा मोल म्हणजे कणांची एक ठरीव संख्या होय. १० च्या २३ व्या घातास ६.०२२१४०७६ ने गुणिले असता ती मिळते. २० मे २०१९ पासून मोलाची व्याख्या याच संख्येने केली जाते. एक मोल पाण्याचे वस्तुमान १८.०१५ ग्रॅम असते. २५ अंश सेल्सिअस तापमानास एक लिटर पाणी सुमारे ९९७ ग्रॅम भरते. ९९७ ला १८.०१५ ने भागिले असता ५५.३ येतात, हीच पाण्याची मोलर संहती. पाणी पेलाभर असो वा विहीरभर, तीत फरक पडत नाही. तापमानाने घनता बदलते, म्हणून ४ अंशांस ती ५५.५, तर १०० अंशांस ५३.२ भरते.

याच रीतीने २५ अंशांस इथिल अल्कोहोलची संहती १७, तर पाऱ्याची ६७.५ येते. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड खरा. परंतु त्याचा प्रत्येक अणूच जड असल्याने एका लिटरातील त्याच्या अणूंची संख्या पाण्याच्या रेणूंच्या सव्वापटही नसते.

या आकड्याचा उपयोग काय? शुद्ध पाण्याचे काही रेणू आयनांत विभागतात. २५ अंशांस एका लिटरात हायड्रोजन आयन केवळ एक मोलाच्या कोटीव्या भागाइतके असतात. त्याने ५५.३ ला भागिले म्हणजे कळते की, सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एकच रेणू विभागलेला असतो. तसेच, एका लिटरात ०.१ मोल अ‍ॅसेटिक अम्ल असलेल्या द्रावणात आयन बनताना पाण्याचे सुमारे ०.००१३ मोलच खर्ची पडतात. पन्नासाहून अधिक मोलांपुढे ही घट नगण्य होय. म्हणूनच विरल द्रावणांच्या समतोलाच्या समीकरणांत पाण्याची संहती स्थिर मानून ती स्थिरांकातच सामावून घेतात. ती वगळली जाते ती शून्य असते म्हणून नव्हे, तर जवळजवळ बदलत नाही म्हणून.

मात्र पाणी विपुल असेल तेथेच ही सवलत घ्यावी. तीव्र गंधकाम्लात किंवा अल्कोहोलात पाणी थोडेच असते. तेथे त्याची संहती इतर पदार्थांप्रमाणेच हिशेबात धरावी लागते.