सव्वातीन वर्षांचा संसार

केममध्ये कुंकवाचं काम बघायला गेलेल्या माणसाला आधी हळदीचा वास येतो, मग अत्तराचा गोडसर वास, आणि दोन्ही वास संध्याकाळपर्यंत कपड्यांतून जात नाहीत. करमाळा तालुक्यातलं हे गाव दौंड–सोलापूर रेल्वेमार्गावर, कुर्डूवाडीच्या अलीकडे आहे. उत्तरेश्वराचं देऊळ आणि कुंकवाचे कारखाने या दोन गोष्टींसाठी लोक ते ओळखतात. पंढरपूर, तुळजापूरच्या देवळांबाहेर लाल कुंकवाच्या राशी दिसतात, त्यांत केमचा माल असतो. कालवायचं, वाळवायचं, चाळायचं, पुड्या भरायच्या, असं काम चालतं. चाळायला आणि पुड्या भरायला बायका असतात. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झालेले असतात आणि साबणानं तो रंग सहज निघत नाही.

अशाच एका कारखान्यात पुड्या भरता भरता बायकांचं नवऱ्यांबद्दल बोलणं चाललं होतं. कोणाचा नवरा भाकरी करपली तरी ओरडतो, कोणाचा उगाच. पंचेचाळिशीच्या एका बाई म्हणाल्या, “आमच्याकडं आवाजच नाही. फौजीचं घर आहे.” बाकीच्या हसल्या. त्या हसल्या नाहीत. पुडीचं तोंड बंद करत त्यांनी एक हिशोब सांगितला. “लग्नानंतर तेरा वर्षं नोकरी केली त्यांनी. त्यातली सव्वातीन माझ्या वाट्याला आली.”

हा हिशोब खरा आहे. सैन्यातल्या जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. तेरा वर्षं गुणिले नव्वद म्हणजे ११७० दिवस, सव्वातीन वर्षांच्या आत. तेही सगळी रजा मिळाली असं धरून. शांततेच्या ठाण्यावर बदली झाली की जवानाला कुटुंब नेता येतं, क्वार्टर मिळते. या बाई एकदाही गेल्या नाहीत, कारण सासूबाई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि शेतीकडे बघायला दुसरं कोणी नव्हतं. लग्न १९९८ चं, निवृत्ती २०११ ची. जम्मूहून सुटी निघाली की झेलम एक्स्प्रेसनं दौंडला उतरायचं आणि तिथून केमची गाडी धरायची. जाण्यायेण्याचे दिवस धरले तर सव्वातीनसुद्धा भरत नाहीत.

नवरा नाईक पदावरून निवृत्त झाला. गावात त्याला सगळे ‘मेजर’ म्हणतात. आपल्या खेड्यांत सैन्यातून आलेल्या प्रत्येकाला ही पदवी आपोआप मिळते. बायकोही दुसऱ्यांशी बोलताना ‘आमचे मेजर’ म्हणते आणि समोर असले की ‘अहो’.

घर दोन खोल्यांचं, पुढे ओटा. पलंगाखाली काळी लोखंडी पेटी आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. पेटीला कुलूप नाही, तरी ती कोणी उघडत नाही. मेजर पहाटे साडेचारला उठतात, अंथरुणाची घडी घालतात आणि चादरीचे कोपरे हातानं दाबून सरळ करतात. रोज दाढी. स्वतःचं ताट स्वतः घासायचं. जेवण पाच-सात मिनिटांत संपतं, मग समोर पुरणपोळी असो की पिठलं. गाडी दहाची असेल तर नऊला स्टेशनवर. लग्नाच्या पंगतीत भिंतीला पाठ लावून, दार दिसेल अशी जागा धरायची. बायकोनं हे सगळं हळूहळू पाठ केलं. आता पंगतीत आधी ती जाऊन भिंतीकडची जागा अडवते.

रात्री दिवा घालवण्याआधी ते दारातल्या चपला बघतात. घरात माणसं किती आणि चपलांचे जोड किती, हे जुळलं की कडी लावायची. मुलगी लग्न होऊन बार्शीला गेली, त्या आठवड्यात ते दोनदा उठून दारापर्यंत गेले. बायकोनं विचारलं तर म्हणाले, “कडी बघितली.”

एवढंच बोलणं. मुलीच्या पाठवणीला मांडवातला प्रत्येक जण रडला. बाप बाहेर वऱ्हाडाच्या गाड्या लावत होता, कोणती आधी निघणार, कोणती मागून, सगळं चोख. पाहुण्यांनी कौतुक केलं की माणूस किती कणखर आहे. बाई सांगतात, “कणखर म्हणलं की लोकांचं काम संपतं. मग कोणी विचारत नाही काय झालं म्हणून.”

हे मौन स्वभावातून आलं असं गाव समजतं. बाईंना ते पटत नाही. लग्नाआधीचे नवऱ्याचे फोटो, भावकीतल्या आठवणी वेगळं सांगतात. तमाशाच्या कनातीत शिट्ट्या मारणारा, विहिरीत सूर मारणारा पोरगा होता तो. तो १९९४ मध्ये भरती झाला. पायदळातल्या रंगरूटाला तेव्हा रेजिमेंटच्या केंद्रावर कित्येक महिने घडवायचे. थंडी, भूक, झोप, दुखणं यांतलं काहीही चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, हे त्या घडण्यातच येतं. आघाडीवर ते उपयोगी पडतं. शेजारच्याचा धीर आपल्या चेहऱ्यावर अवलंबून असतो. म्हणजे हे शिकवलेलं कसब आहे, आणि तेही मेहनतीनं शिकलेलं.

उलट दिशेचं शिक्षण मात्र कुठे मिळत नाही. संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय सेवेच्या शेवटच्या काळात जवानांसाठी अभ्यासक्रम चालवतं, पण त्यांचा भर नोकरी आणि व्यवसायावर असतो. पुण्याचं माजी सैनिक महामंडळ, ‘मेस्को’, सुरक्षारक्षकाची कामं देतं. २००३ पासून ईसीएचएसची आरोग्य योजना आहे. सोलापुरात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. हे सगळं हवंच आहे आणि या घरानं त्याचा लाभही घेतला. पण छत्तिसाव्या वर्षी घरी परतलेला माणूस आणि तेरा वर्षं एकटीनं घर चालवलेली बाई यांनी एका छताखाली कसं राहायचं, याचा अर्ज कोणत्याच खिडकीवर घेत नाहीत.

पहिलं वर्ष फार अवघड गेलं असं बाई सांगतात. मोटर कधी चालू करायची, उसाची तोड कोणाला द्यायची, सोसायटीचं कर्ज, पोरांच्या फिया, सगळं त्या ठरवत आल्या होत्या. आता घरात एक माणूस होता जो काही बोलत नव्हता, पण डबे उंचीप्रमाणे लावत होता. “मला वाटायचं तपासणीला साहेब आलाय.” एकदा त्यांनी सगळे डबे मुद्दाम उलटसुलट लावले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा ओळीत. त्यावरूनही भांडण झालं नाही, आणि बाईंना तेच जास्त लागलं.

सैन्यातली पत्रं त्यांनी जपून ठेवली आहेत. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात नंबर, नाव, पलटण आणि खाली ‘द्वारा ५६ एपीओ’. सैनिकी टपालाचा हा पत्ता जवान नेमका कुठे आहे ते कळू देत नाही, त्यासाठीच तो असतो. काश्मीर असो की पंजाब, केमच्या घरी यायचं ते छप्पन एपीओ. मजकूर चार ओळींचा. मी मजेत आहे, आईची काळजी घे, बैल विकू नको, पैसे पाठवले आहेत. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई पेटली तेव्हा लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. त्या दोन-अडीच महिन्यांत एकच पत्र आलं आणि त्यातही मजेतच होतं. शेजारच्या टीव्हीवर तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या दिसायच्या. बाई तेव्हाही पुड्या भरायला जात होत्या. बायका त्यांच्यासमोर एकमेकींना कुंकू लावायचं टाळायच्या, एवढंच त्या त्या दिवसांबद्दल सांगतात.

आजही मेजरना विचारलं, कुठे गेला होता, तर उत्तर येतं “इथंच.” बरं वाटत नाही का? “ठीक आहे.” बाई म्हणतात, “माणूस घरी आला, पत्ता अजून छप्पन एपीओच आहे.”

सियाचीनबद्दल त्यांना नवऱ्याकडून काही कळलं नाही. १९८४ च्या ‘ऑपरेशन मेघदूत’पासून भारतीय सैन्य त्या हिमनदीवर आहे, आणि गोळीपेक्षा थंडीनं आणि हिमकड्यांनी तिथे जास्त जवान घेतले, एवढं त्यांनी पुढे टीव्हीवर ऐकलं. आपला नवरा तिथे होता आणि त्यानं एका जोडीदाराला बर्फातून उकरून काढलं, तोवर उशीर झाला होता, हे त्यांना पलटणीतल्या मित्राच्या मुलाच्या लग्नात समजलं. सांगली जिल्ह्यातल्या त्या लग्नात चार जुने सोबती एकत्र बसले होते. मेजर हिंदीत मोठमोठ्यानं बोलत होते, मांडीवर थाप मारून हसत होते. बाई लांबून बघत राहिल्या. हा आवाज त्यांनी घरात कधी ऐकला नव्हता. त्या रात्री रागही आला, असं त्या लपवत नाहीत. ते सव्वातीन वर्षंसुद्धा पूर्ण आपल्याकडे नव्हते, असं तेव्हा वाटलं.

राग ओसरायला वेळ लागला. मग त्यांनी वेगळ्या गोष्टी बघायला सुरुवात केली. काळजी शब्दांत येत नाही तर कशात येते? स्कूटीच्या चाकात हवा भरलेली असते. गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद केलेला असतो. कारखान्यातून यायला उशीर झाला तर मेजर फाट्यावर उभे असतात, आणि त्या दिसल्या की पुढे चालू लागतात, मागे न बघता. कुंकवानं त्यांच्या हाताला खाज सुटली होती. एक शब्द न बोलता कोनाड्यात खोबरेल तेलाची बाटली आली, आणि संपली की नवी येते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मेजर घरी नसतात. फटाके सुरू व्हायच्या आत शेतात जातात. निवृत्तीनंतर पहिली काही वर्षं बाईंना हा अपशकुन वाटायचा, भरल्या सणाला घरधनी बाहेर. आता त्या पूजा आटोपतात आणि डबा घेऊन मागोमाग जातात. पत्र्याच्या खोपीत दोघं जेवतात. गावाकडे आभाळ उजळतं, आवाज उशिरा पोचतो, कमी होऊन पोचतो.

२९ नोव्हेंबर २०१६ ला जम्मूजवळ नगरोटा इथे लष्करी तळावर हल्ला झाला आणि पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी शहीद झाले. अंत्यसंस्काराच्या दिवशी केमचे हे ‘मेजर’ पहाटेच निघून गेले. संध्याकाळी परतले, अंघोळ केली, आणि पेटीतून बूट काढून पॉलिश करत बसले. बाईंनी विचारलं नाही. शेजारी बसून दुसरा बूट घेतला. तेव्हा ते पहिल्यांदा आपणहून बोलले. सियाचीनमधल्या त्या जोडीदाराचं नाव, त्याचं गाव, त्याला दोन मुली होत्या, एवढं. तीन-चार वाक्यं असतील. नोकरीवर जाऊन तेव्हा २२ वर्षं झाली होती.

प्रत्येक फौजीच्या घरात गोष्ट अशी निघत नाही. पुड्या भरणाऱ्या बायकांनाच त्यांच्या पाहण्यातली घरं माहीत आहेत, जिथे मौन बाटलीतून बाहेर पडतं आणि मग बायकोच्या अंगावर येतं. तिथे शेजारी बसून बूट पुसायला सांगणं हा अन्याय होईल. तिथे डॉक्टर हवा आणि बाईला माहेरचा आधार हवा. देश वीरपत्नीला मान देतो आणि तो दिलाच पाहिजे. साताऱ्याच्या कर्नल संतोष महाडिकांना २०१५ मध्ये वीरमरण आलं, त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या, तेव्हा महाराष्ट्राची मान उंचावली. पण ज्यांचा नवरा जिवंत परत आला त्या लाखो बायकांकडे आपण ‘तुझं काय, तुझं सुखरूप आलं’ म्हणून पाठ फिरवतो. परत आलेल्या माणसाला घरात आणण्याचं काम पुढे कित्येक वर्षं चालतं. ते काम एकट्या बाईवर टाकलं आहे, आणि ते काम आहे हेही कोणी मानत नाही.

या कारखान्यात एक एकोणीस वर्षांची मुलगी नवीन लागली आहे. तिचा साखरपुडा एका अग्निवीराशी झाला आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची सेवा असते, त्यानंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम होतो, बाकीचे घरी येतात. रजा वर्षाला ३० दिवस. बाईंनी तिच्यासमोर बोटांवर मोजलं.

“चार वर्षांत चार महिने. मला सव्वातीन वर्षं तरी मिळाली.”

मुलगी म्हणाली, फोन असतो की आता, रोज बोलणं होतं.

“काय बोलतो?”

“जेवला का विचारते. हो म्हणतो. बरा आहेस का, तर ठीक आहे म्हणतो.”

बाईंनी भरलेली पुडी काट्यावर ठेवली, वजन बघितलं, आणि म्हणाल्या, “जेवला का विचारू नको. काय जेवला ते विचार. शेजारी कोण बसलं होतं, त्याचं गाव कोणतं, ते विचार. ज्याला हो-नाही म्हणून सुटता येत नाही असं विचार. आतापासूनच विचार, बाई.”